मोजणी आणि साक्ष : अधोगमन-पट्ट्यांतील भूकंपांच्या अभ्यासाचा एक इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भूकंपमापक यंत्रे वापरात आली आणि भूकंपाच्या अभ्यासातील जुनी साधने हळूहळू मागे पडली. दरबारी इतिहास, जहाजांच्या रोजनिश्या, मठांतील नोंदी, वृद्धांच्या आठवणी यांची जागा यंत्राने काढलेल्या रेषेने घेतली. लिखित साक्षीला अतिशयोक्तीचा दोष चिकटलेला असतो, मौखिक साक्षीला कालविपर्यासाचा. यंत्राला दोन्ही नसतात, असा समज त्यामागे होता. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती करणारी पद्धत, म्हणजे जीपीएस, या क्षेत्रात आली. तिच्या मिलिमीटरपर्यंतच्या अचूकतेपुढे तर ग्रंथांचे उरलेसुरले महत्त्वही संपेल, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात उलट घडले. उपग्रहांच्या मोजणीनेच जुन्या संहितांना पुन्हा कामाला लावले. हे कसे घडले याचा विचार तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे, कारण येथे तुलना दोन ग्रंथांची नसून ग्रंथ आणि भूमी यांची आहे.

या मोजणीचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांत विभागलेले आहे. जेथे एक सागरी भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकत जातो त्या पट्ट्याला अधोगमन-पट्टा, इंग्रजी संज्ञेनुसार सबडक्शन झोन, म्हणतात. जगातील सर्वांत मोठे भूकंप याच पट्ट्यांत होतात. सरकण्याचा वेग वर्षाला काही सेंटिमीटर एवढाच असतो. परंतु दोन भूपट्टांमधील सांधा बहुधा घर्षणाने जखडलेला असतो. खाली जाणारा भूपट्ट वरच्या भूपट्टाची कड आपल्याबरोबर खाली ओढतो आणि किनाऱ्याकडची जमीन दाबली जाऊन किंचित फुगते. शतकानुशतके हा ताण साठत राहतो. सांधा सुटला की कड उसळून वर येते, समुद्राला ढकलते, आणि मागची फुगलेली जमीन खचते. पहिल्या हालचालीतून त्सुनामी उद्भवते. दुसरीमुळे भूकंपानंतर किनाऱ्यावरची गावे कायमची पाण्याखाली गेलेली दिसतात.

या उपपत्तीचे मूळ हॅरी फील्डिंग रीड या अमेरिकन अभ्यासकाने १९१० साली मांडलेल्या स्थितिस्थापक प्रतिक्षेपाच्या सिद्धान्तात आहे. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपापूर्वीच्या आणि नंतरच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणांची तुलना हा त्याचा आधार होता. तथापि त्याहीआधी सुमात्रा बेटावर अशी तुलना घडून आली होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १८९२ साली तेथील तापानुली भागात डच अधिकारी त्रिकोणमितीय मोजणी करीत असतानाच मोठा भूकंप झाला आणि मोजणीचे खांब आपापल्या जागेवरून सरकल्याचे म्युलर या सर्वेक्षकाच्या ध्यानात आले. वसाहतीचा नकाशा काढण्यासाठी उभारलेले ते खांब होते; भूकंपाच्या अभ्यासाशी त्यांचा काही संबंध नव्हता. शंभर वर्षांनंतर त्याच खांबांच्या जागी उपग्रह-संवेदक ठेवून एका शतकाची हालचाल मोजण्यात आली. नकाशा हीदेखील एक संहिताच असते आणि तिचा अर्थ तिच्या कर्त्याच्या हेतूत संपत नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. सर्वसामान्य उपयोगासाठी त्यांच्या संकेतातील सांकेतिक मजकूर वाचला जातो आणि त्यातून काही मीटरपर्यंतची अचूकता मिळते. भूमापकांनी मात्र मजकूर वाहून आणणाऱ्या लहरीकडेच लक्ष वळवले. या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते, आणि लहर कोणत्या टप्प्यावर पोहोचली आहे हे तिच्या शतांशापर्यंत मोजता येते. अमेरिकेच्या लष्कराने मे २००० पर्यंत नागरी वापरासाठीचा संकेत मुद्दाम बिघडवून ठेवला होता. पण लहर वाचणाऱ्यांचे त्यामुळे फारसे अडले नाही. एखाद्या ठिकाणचा संवेदक वर्षानुवर्षे एकाच जागी राहिला तर ती जमीन वर्षाला किती मिलिमीटर आणि कोणत्या दिशेला सरकते हे सांगता येते.

एवढी अचूकता असूनही या मोजणीत एक मूलभूत उणीव राहते. ती केवळ वेग सांगते. साठलेला ताण म्हणजे वेग गुणिले काळ. काळ कधीपासून मोजायचा, म्हणजे सांधा यापूर्वी शेवटचा केव्हा सुटला आणि तेव्हा किती सुटला, हे उपग्रह सांगू शकत नाही. भूकंपांचे चक्र शतकांचे असते आणि उपग्रह-मोजणीचा काळ जेमतेम तीन दशकांचा. आरंभबिंदूसाठी अभ्यासकाला ग्रंथाकडेच वळावे लागते.

चिलीच्या किनाऱ्याचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. २० फेब्रुवारी १८३५ रोजी कन्सेप्सिओन शहर भूकंपाने आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने उद्ध्वस्त झाले. त्या वेळी ‘बीगल’ हे जहाज त्याच किनाऱ्यावर होते. चार्ल्स डार्विन त्या दिवशी वाल्दिव्हियाजवळच्या रानात होता. त्याने लिहिलेले वर्णन साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. स्थिर म्हणून गृहीत धरलेली पृथ्वी पायाखाली हलली की मनाचा किती जुना आधार ढळतो, हा त्याचा विषय. परंतु भूकंपशास्त्राच्या उपयोगी पडले ते जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय याचे रुक्ष टिपण. सांता मारिया बेटावर जाऊन त्याने खडकांना चिकटून मेलेल्या शिंपल्यांची भरतीच्या रेषेपासूनची उंची मोजली, भोवतालच्या समुद्राची खोली पुन्हा घेतली आणि स्थानिक रहिवाशांची साक्ष पडताळून पाहिली. बेटाचे दक्षिण टोक आठ फूट, मध्य नऊ फूट आणि उत्तर टोक दहा फूट वर आले आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. कन्सेप्सिओनच्या उपसागरात मात्र उचललेली जमीन काही आठवड्यांत अंशतः परत खाली बसत असल्याचेही त्याने नोंदवले आहे. मेलेल्या शिंपल्यांच्या दुर्गंधीचा उल्लेखही त्या टिपणात आहे. वाङ्मयीन डौलाचा मात्र नाही.

१९९६ पासून फ्रेंच आणि चिलियन संशोधकांनी कन्स्टितुसिओन ते कन्सेप्सिओन या भागात उपग्रह-मोजणी सुरू केली. १९९९ आणि २००२ मध्ये तेच बिंदू पुन्हा मोजले. सांधा पूर्णपणे जखडलेला आहे असे आढळले. मग साधा गुणाकार करण्यात आला. वर्षाला सहा-साडेसहा सेंटिमीटर या वेगाने १८३५ पासून दहा मीटरहून अधिक सरकणे थकले आहे आणि ८ ते ८.५ प्रतीचा भूकंप येथे होऊ शकतो, असा त्यांचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २७ फेब्रुवारी २०१० रोजी ८.८ प्रतीचा भूकंप झाला. कन्सेप्सिओन शहर तीन मीटर पश्चिमेला सरकले. सांतियागो सुमारे २८ सेंटिमीटर. आणि खंडाच्या दुसऱ्या टोकाला असलेले ब्युनोस आयरिससुद्धा दोन-अडीच सेंटिमीटर.

भाकीत खरे ठरल्याची कथा म्हणून हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. पण ती कथा थोडी सोयीची आहे. नंतरच्या विश्लेषणांनुसार सर्वाधिक सरकणे १८३५ पासून ताण साठलेल्या पोकळीत झालेच नाही; ते तिच्या उत्तरेला झाले, जेथे १९२८ मध्ये भूकंप होऊन गेला होता. ग्रंथ बरोबर, मोजणी बरोबर, गुणाकारही बरोबर, आणि तरी पृथ्वीने हिशेब वेगळ्या ठिकाणी चुकता केला. फिट्झरॉयच्या आकड्यांचा अधिक टिकाऊ उपयोग २०१५ मध्ये झाला. त्याची मोजमापे, मधल्या काळातील नौकानयनाचे नकाशे आणि २०१० नंतरची उपग्रह-मोजणी एकत्र करून सांता मारिया बेटाच्या एका संपूर्ण भूकंपचक्राची उभी हालचाल मांडण्यात आली. १८३५ मध्ये अडीच-तीन मीटर वर, नंतरच्या पावणेदोनशे वर्षांत दीड मीटरच्या आसपास खाली, आणि २०१० मध्ये पुन्हा सुमारे १.८ मीटर वर. भूकंपात मिळालेल्या उंचीपैकी दहा ते वीस टक्केच कायम राहते, असा त्याचा अर्थ. अँडीज पर्वताच्या घडणीचा विचार करणाऱ्या डार्विनला हाच आकडा हवा होता. तो मिळण्यासाठी त्याच्या जहाजाच्या कप्तानाचा हिशेब मात्र पुन्हा पाहावा लागला.

अंदमान-निकोबारचा इतिहास यापेक्षा अस्वस्थ करणारा आहे. ३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबारजवळ भूकंप झाला. बंगालच्या उपसागराभोवती ब्रिटिश सरकारने बंदरांच्या सोयीसाठी भरतीमापक यंत्रे बसवली होती. त्यांच्या कागदावर आठ ठिकाणी लहान त्सुनामीची रेषा उमटली, आणि सर्वेक्षण खात्यातील मेजर रॉजर्स यांनी १८८३ मध्ये त्याविषयी टिपण लिहिले. त्या रेषा सव्वाशे वर्षे पडून होत्या. २००३ मध्ये मोदेस्तो ऑर्टिझ आणि रॉजर बिल्हॅम यांनी त्यांचे नव्याने वाचन केले. भूकंप ७.९ प्रतीचा होता, आणि भूपट्टांच्या उपलब्ध वेगाशी ताळा घालता असा भूकंप ११४ ते २०० वर्षांनी पुन्हा होऊ शकतो, असे त्यांनी मांडले. जुन्या दस्तऐवजाच्या वाचनाचा तो आदर्श नमुना होता, आणि आजही आहे.

२६ डिसेंबर २००४ रोजी जे घडले ते या वाचनाच्या चौकटीत मावणारे नव्हते. सुमात्रापासून उत्तर अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर लांबीचा सांधा एका भूकंपात सुटला. १८८१ चा भूकंप हा त्या दीर्घ वाक्यातील एक शब्द होता. त्या शब्दाचा अर्थ अचूक लावला गेला, पण वाक्य कोणाच्या हाती नव्हते. या पट्ट्यातील जुना आणि सावकाश सरकणारा सागरी भूपट्ट ९ प्रतीचा भूकंप घडवू शकणार नाही, अशी एक समजूतही १९८० पासून रूढ होती. एखाद्या वाङ्मयप्रकाराचे नियम हाताशी असलेल्या थोड्या कृतींवरून ठरवले जावेत आणि पुढच्या कृतीने ते मोडावेत, तसे हे झाले.

भूकंपाची व्याप्ती ठरवण्यात उपग्रहांची मोजणी निर्णायक ठरली. भूकंपतरंगांवरून दक्षिणेकडील भागाचे चित्र स्पष्ट होत होते. उत्तरेकडील भाग वेगाने फाटला, हळूहळू सरकला की मुळीच सुटला नाही, याविषयी मतभेद होते. थायलंडमधील फुकेत २७ सेंटिमीटर सरकल्याचे, आणि तीन हजार किलोमीटरांवरील स्थानकांतही हालचाल जाणवल्याचे क्रिस्तोफ व्हिन्यी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. डेहराडूनच्या वाडिया संस्थेतील परमेश बॅनर्जी यांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह दूरच्या स्थानकांवरून भूकंपाचा आकार काढला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या पथकाने बेटांवर जुने बिंदू पुन्हा मोजले. नैर्ऋत्येकडे दीड ते साडेसहा मीटर सरकणे आणि अर्धा ते पावणेतीन मीटर खचणे, असे आकडे त्यातून मिळाले. भारताचे दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटचे दीपगृह चार मीटरांहून अधिक खचून त्याचा पायथा समुद्रात गेला. उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र प्रवाळ उघडे पडले.

मग अशा मोठ्या भूकंपाची पूर्वीची स्मृती कोठे होती? थायलंड आणि आचे येथील किनारी चिखलांत २००४ पूर्वीच्या मोठ्या त्सुनामीची वाळू सापडली. तिचा काळ अंदाजे साडेपाचशे ते सातशे वर्षांपूर्वीचा. त्या घटनेचे निःसंदिग्ध लिखित वर्णन उपलब्ध नाही. तमिळ ‘मणिमेखलै’ काव्यात पुहार नगरी समुद्राने गिळल्याची कथा आहे आणि २००४ नंतर तिच्याकडे त्सुनामीची नोंद म्हणून पाहण्याची लाट आली. हा उत्साह समजण्यासारखा असला तरी त्यात घाई आहे. त्या काव्यात नगरीचा नाश इंद्रोत्सव न केल्यामुळे होतो. काव्याला हवे असलेले कारण ते आहे, आणि त्यातून तारीख मागणे म्हणजे काव्याला जे द्यायचे नाही ते त्याच्याकडून घेणे होय.

सिमेउलुए बेटाची गोष्ट वेगळी आहे. १९०७ च्या त्सुनामीनंतर तेथे ‘स्मोंग’ हा शब्द कथांतून, अंगाई-गीतांतून आणि नांदोंग या गानप्रकारातून रुजला : जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगर गाठायचा. २००४ मध्ये सुमारे ७८,००० लोकवस्तीच्या या बेटावर सात माणसे दगावली. येथे परंपरेने तारीख जपली नाही, प्रत जपली नाही, कृती जपली. (२००४ नंतर रचलेली गीतेही आता या परंपरेत मिसळली आहेत, हे संग्राहकांनी विसरू नये.)

जपानमध्ये उणीव ना ग्रंथांची होती ना मोजणीची. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तेथील उपग्रह-स्थानकांचे जाळे झपाट्याने वाढून बाराशेवर गेले. या दाट जाळ्यामुळे १९९० च्या दशकातच मंद सरकण्याच्या घटना उघडकीस आल्या. कोणतेही हादरे न देता सांध्याचा एखादा भाग दिवसांत किंवा महिन्यांत सरकतो. भूकंपमापकाला हे ऐकूच येत नाही. ईशान्येकडे मियागी आणि फुकुशिमा यांच्यापुढील सांधा घट्ट जखडलेला आहे, हेही मोजणीत दिसत होते. तथापि स्थानके जमिनीवर होती आणि सांध्याची वरची कड किनाऱ्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर, समुद्रतळाशी. तो दूरचा भाग जखडलेला आहे की मोकळा, हे किनाऱ्यावरून सांगता येत नव्हते. अधिकृत मूल्यांकनात मियागीपुढे ७.५ च्या आसपासचा भूकंप तीस वर्षांत होण्याची शक्यता ९९ टक्के धरली होती. ९ प्रतीचा भूकंप त्यात नव्हता.

दुसरी साक्ष राजग्रंथात होती. ९०१ मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन सानदाइ जित्सुरोकु’ या राजवृत्तान्तात ८६९ सालच्या, जोगान शकातील, भूकंपाचे वर्णन आहे : लोकांना उभे राहवेना, घरे कोसळली, समुद्र गर्जत नगरापर्यंत आला, हजारभर माणसे बुडाली. भूगोलकार योशिदा तोगो यांनी १९०६ मध्येच या उताऱ्याचा अभ्यास केला होता. तरी राजधानीतील लेखकाने दूरच्या प्रांताविषयी केलेले हे शब्दचित्र कितपत खरे मानावे, हा प्रश्न उरत होता. १९९० नंतर मिनौरा कोजी आणि इतरांना सेंदाईच्या भातशेतांखाली, किनाऱ्यापासून चार किलोमीटरपर्यंत, त्या काळातील वाळूचा थर सापडला आणि वृत्तान्ताला भूमीचा दुजोरा मिळाला. जून २००९ मध्ये फुकुशिमा दाइइची अणुकेंद्राच्या सुरक्षेचा विचार करणाऱ्या समितीत ओकामुरा युकिनोबु यांनी जोगान त्सुनामीचा मुद्दा उपस्थित केला. जोगानचा समावेश असलेले सुधारित मूल्यांकन तयार होत होते. ते प्रसिद्ध होण्यापूर्वी ११ मार्च २०११ उजाडला.

त्या दिवशी ओशिका द्वीपकल्पावरील स्थानक ५.३ मीटर पूर्व-आग्नेयेला सरकले आणि १.२ मीटर खचले. खरा धक्का समुद्रतळावरून आला. पाण्यातून रेडिओ-लहर जात नाही. म्हणून जहाजाचे स्थान उपग्रहाने आणि जहाजापासून तळावरील खुणेचे अंतर ध्वनीने मोजण्याची पद्धत अमेरिकेत स्क्रिप्स संस्थेच्या फ्रेड स्पीस यांनी विकसित केली होती. जपानच्या तटरक्षक दलाने ठेवलेली एक खूण २४ मीटर सरकली होती; तोहोकु विद्यापीठाची, खंदकाच्या अधिक जवळची, ३१ मीटर. भाकितांनी मोकळा धरलेला भागच सर्वांत अधिक सरकला होता. अठरा हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली.

येथे एका साहित्यिक संकेताची आठवण ठेवणे अस्थानी होणार नाही. ‘कोकिनशू’ या दहाव्या शतकाच्या आरंभीच्या काव्यसंग्रहापासून ‘सुए नो मात्सुयामा’ ही पाइन वृक्षांची टेकडी अशक्याची खूण म्हणून येते. तिच्यावरून लाट जाणे म्हणजे प्रेमातील वचन मोडणे. ही टेकडी मियागीतील तागाजो येथे दाखवली जाते. संकेत जोगानच्या स्मृतीतून आला असावा, असे काही अभ्यासक मानतात. इतरांना ते मान्य नाही. २०११ मध्ये पाणी टेकडीच्या आसपास पोहोचले, वर चढले नाही. याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. पण त्यानंतर ते काव्य केवळ प्रणयसंकेत म्हणून वाचणे अवघड झाले आहे.

उत्तर अमेरिकेच्या कॅस्केडिया किनाऱ्याबाबत आरंभबिंदू दुसऱ्याच देशाच्या दप्तरात मिळाला. जपानी कचेऱ्यांनी १७०० च्या जानेवारीत भूकंपाविना आलेल्या लाटांची नोंद केली होती. तिच्यावरून साताके केंजी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये २६ जानेवारी १७०० ची रात्र निश्चित केली. मेलेल्या देवदारांच्या वर्षवलयांनीही तोच हिवाळा दाखवला. आज तेथील उपग्रह-मोजणीचा हिशेब त्या रात्रीपासून धरला जातो.

अरबी समुद्रात असा आरंभबिंदू अर्धाच हाती आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्यावर ८.१ प्रतीचा भूकंप झाला. पसनी उद्ध्वस्त झाले, आणि काही तासांनी लाटा मुंबईपर्यंत पोहोचून तेथेही माणसे वाहून गेली. हा सांध्याचा पूर्व भाग. इराणच्या हद्दीतील पश्चिम भागात ओमान आणि चाबहार यांच्यामधील अंतर वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर कमी होते, असे उपग्रह सांगतात. पण हा भाग जखडलेला आहे की हादऱ्यांविना सरकतो, हे किनाऱ्यावरच्या विरळ स्थानकांवरून ठरत नाही, आणि तेथील शेवटच्या मोठ्या भूकंपाची खात्रीची तारीखही नाही. १५२४ मध्ये वास्को द गामाचे गलबत भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ असताना समुद्र थरथरला, आणि तो आपल्या भयाने कापत आहे असे त्याने खलाशांना सांगितले, असे पोर्तुगीज इतिहासकार लिहितात. तो हादरा कोठला, हे त्या दर्पोक्तीवरून काढता येत नाही. युनेस्कोच्या साहाय्याने २०१० नंतर अरबी समुद्राभोवतीच्या वृद्धांच्या १९४५ विषयीच्या आठवणी नोंदवून घेण्यात आल्या. त्यांची छोटी पुस्तिका २०१५ मध्ये निघाली. पाणी कोठवर आले, कोणत्या मशिदीच्या पायरीपाशी थांबले, अशा स्वरूपाची ती माहिती आहे. त्सुनामीची गणिते मांडणारे संशोधक तिच्याशी आपले आकडे ताडून पाहू शकतात.